दुप्पट उंचीचा बांध

"आधी जमीन," आबा म्हणाले आणि शाळेच्या मैदानात त्यांनी काठीनं एक लांबलचक रेघ ओढली. "माणसं मागनं. जमीन नीट कळली की माणसं आपसूक कळत्यात."

"पण आबा, नाझनीननं दोन सैनिक बनवूनसुद्धा आणलेत!"

"बघू."

नाझनीननं डबा उघडला. रुमालात गुंडाळलेले दोन सैनिक. आत तार, वर एमसील, त्यावर हिरवा रंग. एकाला तर मिशाही होत्या. आबांनी मिशीवाल्याला उचललं, जमिनीवरच्या रेघेशेजारी उभं केलं आणि खो खो हसायला लागले.

"ह्यो तर वडाच्या झाडाएवढा झाला की गं! ह्याला बघून दुश्मन गोळी न झाडताच पळंल."

"दिवाळीच्या किल्ल्यावर असंच असतं," नाझनीन फुरंगटून म्हणाली.

"असतंय की. तिथं मावळा दरवाज्यापरीस मोठा आणि तळ्यातलं बदक बुरुजाएवढं. दिवाळीत चालतंय. हितं न्हाई चालायचं. हितं माणसं मेलीत."

यावर आम्ही दोघीही गप्प. मी गप्प, ही त्या काळात बातमी होती.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी बारावीत आहे, तेव्हा नववीत होते, आणि मला नुकताच एक शोध लागला होता: मला बोलता येतं! त्याआधी मी हजेरीला 'उपस्थित' म्हणायलासुद्धा लाजायचे. मग तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला जबरदस्तीनं उभं केलं गेलं, पहिलं बक्षीस आलं, आणि तिथून पुढे घरात, वर्गात, एसटीत, कुठेच मला कुणी आवरू शकलं नाही. आई म्हणायची, "ऋजूच्या हातात माईक दिलाय खरा, आता काढून कोण घेणार?"

त्या डिसेंबरात एकाहत्तरच्या युद्धाला पन्नास वर्षं होत होती. आमच्या शिंगणेवाडीत घरटी एक माणूस फौजेत. आणि फौजेतून परत आलेला प्रत्येक जण गावाला 'मेजर', मग तो शिपाई म्हणून आलेला असो नाहीतर सुभेदार. ज्ञानदेव फडतरे आबा हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण तेही मेजरच. त्यांच्याबरोबर गेलेले पांडुरंग शेळके मात्र परत आले नाहीत. पूर्वेच्या आघाडीवर एका कालव्याजवळच्या लढाईत ते पडले. आबांच्या मांडीवर प्राण सोडला. जाताना एवढंच म्हणाले, "कौसूला शिकवा." हे शब्द आमच्या शाळेच्या भिंतीवर फूटभर अक्षरांत रंगवलेले आहेत, आणि दर पंधरा ऑगस्टला आबा ती गोष्ट सांगायचे तेव्हा पहिलीतली पोरंही चुळबुळ थांबवायची.

कौसू म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तेव्हा नऊ वर्षांची. भावाचा शेवटचा शब्द म्हणून तिला शाळेत घातलं, पुढं डी.एड.ला पाठवलं, आणि ती गावातली पहिली शिक्षिका झाली. निम्म्या गावाच्या हाताला धरून कौसल्याबाईंनी 'ग' गिरवून घेतलाय. माझ्या, आणि नाझनीनच्याही.

तर मुख्याध्यापक जगदाळे सरांनी जाहीर केलं, की सोळा डिसेंबरला कालव्याच्या लढाईचं मोठं मॉडेल शाळेच्या सभागृहात मांडायचं आणि उद्घाटन बाईंच्या हस्ते करायचं. "कोण करेल?" त्यांनी विचारलं. प्रश्नचिन्ह पडायच्या आत माझा हात वर होता. दुसऱ्या हातानं मी नाझनीनचा हातही वर केला होता.

आबा रोज चार वाजता शाळेत यायचे. त्यांनी आम्हाला सांगितलं, की हल्ल्याआधी फौजेत साहेब लोक मातीचं असंच मॉडेल करतात. रांगोळीची नदी, काडेपेटीची घरं, सुतळीचे रस्ते. सगळे जवान भोवती बसतात, आणि कोण कुठून निघणार, कुणाला काय दिसणार, हे तिथं ठरतं. "ह्या दोऱ्यानं बघायचं," ते म्हणायचे. "एक टोक ह्याच्या डोळ्याला, दुसरं त्याच्या. मधी दोरा कुठं अडला न्हाई, तर दिसतंय. अडला, तर न्हाई."

मी वहीत सगळं लिहून घेत होते. मापाचा निर्णय माझा: दोनशेला एक. म्हणजे खरे दोन मीटर मॉडेलवर एक सेंटीमीटर. चारशे मीटर लांबीचं मैदान दोन मीटरच्या प्लायवूडवर बसलं, आणि सैनिक झाले गव्हाच्या दाण्याहून जरासेच मोठे.

जगदाळे सर हबकले. "अगं भोईटे, पाहुण्यांना दिसणार कसे? जरा दणदणीत कर की!"

"सर, सैनिक दणदणीत केले तर कालवा गटारासारखा दिसेल."

"पण शौर्य दिसायला नको?"

"शौर्य मापात बसवलंय, सर," मी म्हणाले. सर निघून गेले. नाझनीननं मला कोपरानं ढोसलं आणि आम्ही पोट धरून हसलो.

नाझनीनचे वडील गवंडी. प्लास्टर तिच्या हातातच होतं. थर्माकोलचे थर, वर प्लास्टर ऑफ पॅरिस, आणि गवत करायची तिची स्वतःची युक्ती: ओल्या प्लास्टरवर जुना टूथब्रश उभा धरून टोचायचा, मग हिरवा भुसा भुरभुरायचा. मी एकदा करून बघितलं तर ते गवत न दिसता देवी आल्यासारखं दिसलं. तेव्हापासून माझ्याकडे वही आणि पट्टी, तिच्याकडे बाकी सगळं.

आणि आबांची आठवण म्हणजे काय सांगू! पन्नास वर्षांनंतर त्यांना पावलं पाठ होती. तळ्याच्या कोपऱ्यापासून कालव्याच्या बांधापर्यंत एकशे साठ पावलं. तळ्याकाठी नारळाची तीन झाडं, एक मोडलेलं. बांधाच्या पलीकडे अगदी पायथ्याशी चर, त्याच्या पुढं बंकर.

"बांध किती उंच?" मी विचारलं.

"माझ्या दुप्पट. पांडू आणि बाकीचे चढले तवा एकाच्या खांद्यावर दुसऱ्यानं पाय दिला."

"नक्की दुप्पट? जरा कमी असेल."

आबा एकदम गंभीर झाले. "पोरी, जमिनीबद्दल फौजी माणूस चुकीचं सांगत न्हाई. जमीन चुकली की दुसऱ्या दिवशी आपलीच माणसं मरत्यात."

मी लिहिलं: बांध, पावणेदोन सेंटीमीटर.

चौदा तारखेला मॉडेल जवळजवळ पूर्ण होतं. आबांना दवाखान्यात जायचं होतं म्हणून ते आले नव्हते. आम्ही शेवटचे सैनिक चिकटवत होतो. पांडुरंग काका चरात, हात मागे नेलेला. आबा तळ्याच्या कोपऱ्यात, मशीनगनपाशी, कारण त्यांचं काम होतं कालव्याच्या पुलावरच्या शत्रूला दाबून ठेवायचं. गोष्ट आम्हाला पाठच होती: आबांनी तिथून पाहिलं, पांडू उठला, हातगोळा फेकला, कोसळला, आणि आबा धावत सुटले.

"दोरा लावून बघू या," मी म्हणाले. "आबा खूश होतील."

नाझनीननं एक टोक आबांच्या डोक्याशी धरलं, मी दुसरं पांडुरंग काकांच्या. दोरा ताणला. तो बांधावर टेकला आणि वाकला.

"वर उचल थोडा," मी म्हणाले.

"वर उचलला तर आबांच्या डोक्यावर जाईल."

"उभे होते समज."

उभे करूनही दोरा वाकलाच.

"नारळावर चढले होते समज," नाझनीन म्हणाली, आणि आम्ही हसलो. मग मी पट्टी घेतली. पावणेदोन. वही काढली. एकशे साठ पावलं. तीन वेळा मोजलं. मला वाटलं माझं गणित चुकलंय, आणि चौथ्यांदा मोजताना मनापासून वाटायला लागलं, की चुकू दे.

"ऋजू, राहू दे ना," नाझनीन म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा होता.

"राहू दे कसं? त्यांना विचारू. काहीतरी सांगायचं राहिलं असेल त्यांचं."

आबा घरापुढच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. "या साहेब," ते मला म्हणाले. हल्ली ते मला साहेबच म्हणायचे, आणि मला ते फार आवडायचं. मी वही उघडली आणि धाडधाड सांगून टाकलं. पावलं, बांध, दोरा. शेवटी म्हणाले, "म्हणजे तिथून दिसत नाही, आबा. तुम्ही दुसरीकडे होतात का?"

आबा शेंगा फोडायचे थांबले नाहीत. सात-आठ फोडल्या.

"कोपऱ्यातच होतो," ते म्हणाले. "दिसलं न्हाई. बांधाच्या पल्याड गोळ्यांचा आवाज आला, एवढंच. दिवस मावळला तरी आम्हाला हलायचा हुकूम नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गेलो तर पांडूवर घोंगडी घातलेली. मी उचलून बघितली पण न्हाई."

"मग... मांडीवर?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग 'कौसूला शिकवा' कोण म्हणालं?"

"सुट्टीवर आलो तवा त्याच्या घरी गेलो. आई म्हणली, काय बोलला का रं माझा पांडू? आता मी काय सांगू? दाराच्या मागं कौसू उभी. भावाची जुनी पाटी छातीशी धरून. तिला शाळेत घालत नव्हते. तोंडातनं निघून गेलं." त्यांनी हातातली टरफलं झटकली. "मग गावानं विचारलं. मग शाळेनं. दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं."

नाझनीन रडत होती. मी रडत नव्हते. सहा आठवडे हा माणूस मला सांगत होता, की एक पाऊलसुद्धा चुकता कामा नये.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलंच की. बांध दुप्पट हाय म्हणून सांगितलं." आबांनी माझ्याकडं पाहिलं. "खोटी उंची सांगता आली असती. जिभेवर आली न्हाई. आता तू ठरव. मॉडेल तुझं हाय, परवा बोलणार तू हायस. तू म्हणशील ते."

मला तोवर कुणीच इतकं मोठं काही ठरवायला दिलं नव्हतं.

पंधरा तारखेला मी शाळेत गेले नाही. आईला सांगितलं डोकं दुखतंय, आणि माळ्यावर जाऊन बसले. दिवसभर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. दुपारी नाझनीनचा फोन आला.

"काय ठरवलंस?"

"उद्या कळेल."

"मला सांग ना. बाई येणार आहेत, ऋजू. आबा कालपासून जेवले नाहीत, त्यांची सून म्हणत होती."

"उद्या कळेलच म्हणाले ना! सगळ्यांना एकदमच कळेल." मी तसं का म्हणाले? मला तेव्हा तसं बोलायला आवडायचं. स्टेजवर जायच्या आधी पडदा असावा लागतो, अशी माझी समजूत होती. नाझनीननं फोन ठेवला.

सोळा तारखेला सभागृह भरलं होतं. मॉडेलवर पांढरी चादर होती. आबा पहिल्या रांगेत, कोटावर पदकं. त्यांनी माझ्याकडं पाहून मान तुकवली. बाई निळ्या काठाच्या साडीत आल्या, माझा गाल ओढला, म्हणाल्या, "बोल हो नीट, घाई करू नकोस." जगदाळे सरांनी माझ्या हातात माईक दिला. बाईंनी चादर ओढली. टाळ्या.

बांध कापलेला होता.

पावणेदोन सेंटीमीटरचा माझा बांध अर्धा सेंटीमीटरसुद्धा उरला नव्हता. तळ्याच्या कोपऱ्यापासून चरापर्यंत सगळं उघडं, सपाट, सोयीचं. आबांच्या डोळ्यापासून पांडुरंग काकांपर्यंत आता दोरा काय, दोरखंड गेला असता. आणि कापलेल्या भागावर नवं गवत होतं. अगदी सुरेख, एकसारखं, उभ्या टूथब्रशनं टोचलेलं. सबंध तालुक्यात तसं गवत एकच मुलगी करू शकत होती.

मी नाझनीनकडं पाहिलं. ती स्वतःच्या चपलांकडं बघत होती. मी आबांकडं पाहिलं. ते समोर भिंतीकडं बघत होते.

'तू म्हणशील ते,' असं म्हणाले होते ना?

"बोल," सर कुजबुजले. "भोईटे, बोल."

"हा बांध चुकीचा आहे," मी माईकमध्ये म्हणाले.

मला ते म्हणायचं नव्हतं. म्हणजे, मला ते म्हणायचंच होतं, पण फक्त त्या दोघांना. माईकला ते कळत नाही.

सर हसले. "लहान मुलं आहेत, थोडंफार इकडंतिकडं होणारच..."

पण बाई शिक्षिका होत्या. चूक म्हटलं की त्या थांबायच्या. "किती हवा होता?" त्यांनी विचारलं.

"आबांच्या दुप्पट. मॉडेलवर पावणेदोन सेंटीमीटर. आबांनीच सांगितलंय. मी केला होता तसा. कुणीतरी कापलाय."

बाई मॉडेलवर वाकल्या, आमच्या पाट्यांवर वाकायच्या तशाच. त्यांनी भाऊ शोधला. मग तळ्याच्या कोपऱ्यातले आबा शोधले. मग त्यांनी उजवा तळहात आडवा धरून बांधावर ठेवला, जिथं बांध असायला हवा होता तिथं, आणि मान अगदी खाली नेऊन तळ्याच्या बाजूनं एक डोळा मिटून पाहिलं. सभागृहात कुणाला काही कळत नव्हतं. कुणीतरी शिंकलं. बाई तशाच पाहत राहिल्या. मग हात तिथंच ठेवून त्या आबांकडं वळल्या.

"मेजर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मग ते म्हणालं कोण?"

माईक माझ्या हातात होता. तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

आबा उभे राहिले. पदकं एकमेकांवर वाजली. आणि कधी नव्हे ते जगदाळे सरांना प्रसंगाचं भान आलं. त्यांनी माझ्या हातून माईक ओढून घेतला आणि ओरडले, "जोरदार टाळ्या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत आबा दाराकडं चालायला लागले. बाईंच्या तळहाताला हिरवा भुसा चिकटला होता. तो न झटकताच त्या त्यांच्या मागं गेल्या. पटांगणात त्यांचं काय बोलणं झालं ते गावात कुणालाच माहीत नाही. पुढच्या पंधरा ऑगस्टला आबा शाळेत आले नाहीत. भिंतीवरची अक्षरं अजून आहेत.

नाझनीन मला सायकल स्टँडपाशी सापडली. तिनं माझ्याआधी तोंड उघडलं.

"बघितलंस? म्हणूनच. म्हणूनच तुला न विचारता केलं."

"त्यांनी मला सांगितलं होतं, तू ठरव! मला!"

"काल संध्याकाळी ते माझ्यापुढं हात जोडून उभे होते, ऋजू. आमच्या दारात. अब्बूंच्या देखत. म्हणाले, ती पोरगी खरं बोलल्याशिवाय राहायची न्हाई, तिला बोलायला आवडतं. मी काय करायचं होतं? तुला बरोबर असायचं होतं. त्यांना अजून या गावात राहायचंय."

"तू माझा बांध कापलास."

"तो मीच बांधला होता."

मी दप्तर उघडलं, भाषणाचा कागद काढला आणि तिच्यापुढं धरला. तिनं हात पुसून तो घेतला. त्यावर माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं होतं, की तळ्याच्या कोपऱ्यातून आबांनी पांडुरंग काकांना पाहिलं, धावत जाऊन मांडीवर घेतलं, आणि पांडुरंग काका जाताना दोनच शब्द बोलले. बांधाबद्दल, दोऱ्याबद्दल, एक अक्षर नव्हतं. दिवसभर खोडून खोडून मी तेच लिहिलं होतं.

नाझनीननं दोनदा वाचलं. मग माझ्याच घड्यांवर घडी घालून कागद मला परत दिला.

"माझ्यावर विश्वास ठेवून एकदा विचारायचं तरी होतंस," मी म्हणाले.

"विचारलं होतं," ती म्हणाली.